निळ्या दाराचा पत्ता

१

मी वाटूरला पोचले तेव्हा अंगणातल्या चुलीवरचं पाणी अजून उकळत होतं. ते उतरवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. चुलीसमोर छकुली पडली होती. मानेवर मागून कुऱ्हाडीचा एकच घाव, पण असा बसला होता की मान अर्ध्याहून जास्त सुटली होती. रक्त राखेत जाऊन काळा चिखल झाला होता आणि त्यात एक कोंबडी चोच मारत होती. मी तिला लाथेनं हाकललं.

मी वंदना, परतूर ठाण्याची पोलीस निरीक्षक. प्रेतं पाहून माझं जेवणावरचं मन उडत नाही, असं लोक म्हणतात. पण आंघोळीला पाणी तापवत बसलेल्या बाईला पाठीमागून मारणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. आणि त्या सकाळी तर दुसरा खून माझ्या डोळ्यांदेखत व्हायच्या बेतात होता.

घरासमोर मारुतीचा पार आहे. पाराच्या लिंबाला एका तरुणाला दाव्यानं बांधलं होतं आणि अख्खं गाव त्याच्यावर तुटून पडलं होतं. काठ्या, चपला, कुणाच्या हातात चक्क बैलगाडीची शिवळ. त्याचा उजवा हात कोपरापासून भलत्याच बाजूला लोंबत होता. अंगातला सदरा रक्तानं भिजला होता आणि ते सगळंच रक्त त्याचं नव्हतं.

"मागं व्हा!" मी ओरडले. कुणी ऐकेना, तेव्हा वेताची छडी काढली आणि समोर येईल त्याच्या पोटरीवर हाणत सुटले. माझ्यासोबतचा हवालदार रामकिसन दावं सोडू लागला.

"सोडू नगा त्याला, मॅडम!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "दीर हाय तिचा, परमेश्वर. त्याच्या मायनंच सांगितलं, ह्यानंच मारली म्हनून!"

त्याची आई उंबऱ्यावर बसली होती. साखराबाई. हातात दुधाची चरवी, पण दूध केव्हाच सांडून गेलेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"व्हय बाई. म्याच सांगितलं. माझ्याच तोंडानं."

२

हकीकत साधी होती. साखराबाईचा थोरला मुलगा सांडू गेल्या वर्षी उसाच्या ट्रॉलीखाली सापडून मेला. छकुली त्याची बायको. पोरबाळ नाही, वय लहान. साखराबाईनं ठरवलं की सुनेचं दुसरं लग्न आपणच लावून द्यायचं. गाव नावं ठेवत होतं, पण म्हातारी खमकी निघाली. खुनाच्या आदल्या दिवशी सुनेला एक स्थळ आलं. संध्याकाळी म्हातारी शेजारीपाजारी गूळ वाटत होती, तेवढ्यात धाकटा परमेश्वर शेतातून आला, गूळ पाहिला आणि भडकला.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"म्हन्ला, हिला ह्या घरातून काढशील तर एकाचं तरी रक्त सांडंल. अन् न जेवता तसाच आखाड्यावर निजायला गेला." आखाडा म्हणजे शेतातली झोपायची जागा. "सकाळी म्या गोठ्यात शेळ्या पिळून राह्यल्ते. आवाज झाला म्हनून वाकून पाह्यलं. एक धिप्पाड मानूस, माझ्या परमेश्वरावानी. डोक्याला ती टोपी, गाडीवर घालत्यात ती. तोंड दिसलं न्हाई."

"मग हा परमेश्वरच, हे कशावरून?"

"रातभर त्याचंच बोलनं डोक्यात व्हतं, बाई. अन् मंग तो पळत आला, सदऱ्याला रक्त. तवा माझ्या तोंडून निघून गेलं. आता वाटतंय, त्यानं वहिनीला मांडीवर घेतल्तं, म्हनून लागलं असंल रक्त." तिनं माझं मनगट धरलं. बोटं थंडगार होती. "एक लेकरू गेलं. सून गेली. आता ह्याला फाशी झाली तर ती म्याच दिली. तुमी मला खरं काय ते सांगा. तोच असंल तरी सांगा."

मी तिला म्हटलं, "त्या माणसानं मारल्यावर काय केलं, ते आठवून सांगा. एकही गोष्ट गाळू नका."

तिनं डोळे मिटले. "पायानं तिला उलटी केली. पदर बाजूला सारून तोंड पाह्यलं. लई येळ पाह्यलं. मंग शिवी हासडली, घागरीला लाथ घातली अन् पळाला."

ही गोष्ट मला खटकली. जी बाई रोज ताटात भाकरी वाढते, तिला मारून तिचं तोंड कोण बघत बसेल?

परमेश्वरला दवाखान्यात नेऊन हाताला प्लास्टर घातलं. मी जबाब घ्यायला गेले तर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"आई म्हन्ली ना मी मारलं?" तो म्हणाला. "मंग मीच मारलं. लिहून घ्या."

"तू मारलंस का?"

"लिहून घ्या म्हन्लं ना."

एवढ्या कबुलीवर त्याला आत टाकायला माझे वरिष्ठ एका पायावर तयार होते. प्रकरण मिटलं, गाव शांत. मला मात्र त्याची ती कबुली ऐकून संताप आला. स्वतःच्या जिवावर असा रुसलेला माणूस मी पाहिला नव्हता.

फाट्यावर केशरबाईची चहाची टपरी आहे. तिथं मी चहा सांगितला तर तिनं कप ठेवायच्या आधी रडायला सुरुवात केली.

"माझ्या तोंडात किडे पडो, मॅडम. म्याच दाखवलं त्याला घर."

"कुणाला?"

"तो टोपीवाला. गाडी बंद न करताच म्हन्ला, मारुतीच्या पारामागं निळ्या दाराचं घर कंचं? म्या म्हन्लं, निळ्या दाराचं तर आता न्हाई बा कुनाचं. पारामागं एकच घर हाय, साखराबाईचं. दार हिरवं हाय. दिवाळीला रंग दिला तिनं."

मी कप खाली ठेवला. परमेश्वर स्वतःच्या घराचा पत्ता विचारणार नाही. त्यानं मारेकरी पाठवला असता, तर दार हिरवं असल्याचं सांगितलं असतं. म्हणजे मारेकऱ्याजवळ दिवाळीच्या आधीचा पत्ता होता आणि कुणीतरी तो दाराच्या रंगासकट सांगितला होता.

मी साखराबाईकडे परत गेले. "मावशी, निळ्या दाराचा पत्ता तुम्ही कधी कुणाला दिला होता?"

ती विचारात पडली आणि मग तिचा चेहरा उतरत गेला.

"जालन्याला. कंप्युटरात सुनेचं नाव घातलं ना, लग्नासाठी... तवा."

३

दुसऱ्या दिवशी मी नवीन जालन्यात गेले. स्टेशनजवळ एका बियाण्यांच्या दुकानाच्या वरती दोन खोल्यांत 'दुसरी सोयरीक' नावाच्या वेबसाइटचं कार्यालय होतं. विधवा, घटस्फोटित बायका आणि पुरुष यांची पुन्हा लग्नं जुळवणारी वेबसाइट. नाव, वय, फोटो सगळ्यांना दिसतात. पत्ता आणि फोन मात्र दोन्ही बाजूंनी होकार दिल्याशिवाय उघडत नाही. कल्पना चांगली होती. तिथं चार माणसं काम करत आणि ती चारही माणसं मला पाहून उभी राहिली.

मालक राधेश्याम पस्तिशीचा. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात साखर.

"आमच्याकडून पत्ता फुटणं बिलकुल शक्य नाही, मॅडम. कुणी कुणाचा पत्ता उघडला की त्याचं नाव आपोआप नोंदलं जातं. माझंसुद्धा. ही सोय मीच करून घेतलीय."

बेबीनंदा, दोन मुलांची आई, आलेल्या लोकांची माहिती भरून घेई. तिला निळं दार लख्ख आठवत होतं. "पत्त्यात दाराचा रंग कोन घालतं? पन म्हातारी हटून बसली. घाल म्हन्ली, न्हाईतर पाव्हने चुकतील. मंग घातला."

हरिओम हा हाताखालचा प्रोग्रामर. तो वाटूरचाच निघाला. "छकुलीवहिनी माझ्या नात्यातच लागत होत्या. परवाच्या रविवारी मी गावात होतो, त्यांच्या घरी चहा पिलो."

आणि चौथी प्रियदर्शनी. हा सगळा डोलारा तिनं उभा केला होता. डेटाबेस तिचा, पानं तिची, चुका दुरुस्त करणारीही तीच. बोलायला तुटक, पण विचारलेल्या प्रश्नाला बरोबर उत्तर देणारी. मला अशी माणसं आवडतात.

तिनं संगणकावर छकुलीचं पान उघडलं. फोटोत छकुली हसायचं की नाही या पेचात पडलेली. खाली पत्ता होता. मारुतीच्या पारामागे, निळ्या दाराचं घर, वाटूर.

"आणि हा पत्ता कुणी उघडला?"

"कुणीच नाही, मॅडम. माहिती भरल्यापासून एकदाही नाही. स्थळ आलं होतं, पण त्यांचा होकार अजून बाकी होता."

"ही नोंद पुसता येते?"

"मला येते. पण पुसली तर क्रमांकात खंड पडतो. बघा, कुठंही खंड नाही."

मी वैतागले. पत्ता इथून गेला होता आणि इथं तो कुणी पाहिलाच नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? मी खोलीत येरझारा घालत मोठ्यानं विचार करू लागले, ही माझी खोड आहे. "मारल्यावर त्यानं तिला उलटी केली. पदर काढून तोंड पाहिलं. शिवी दिली. याचा एकच अर्थ होतो. त्याला दुसरीच कुणीतरी हवी होती. छकुली चुकून मेली."

कीबोर्डचा आवाज थांबला. प्रियदर्शनीचा चेहरा पांढरा पडला होता.

"मॅडम," ती म्हणाली, "आमच्याकडे याची एक दुसरी प्रत आहे."

तिनं सांगितलं ते असं. वेबसाइटमध्ये नवीन काही बसवायचं तर थेट खऱ्या वेबसाइटवर बसवत नाहीत. तिची एक नक्कल ठेवतात, तिच्यावर आधी चालवून बघतात. नकलेत माणसं खरीच असतात, कारण शोध नीट चालतो की नाही ते बघायचं असतं. पण चाचणी करताना खऱ्या बायकांना चुकून संदेश जाऊ नयेत आणि त्यांचे पत्ते उघडे पडू नयेत, म्हणून तिनं महिन्याभरापूर्वी त्या नकलेत बदल केले होते. नावं आणि फोटो तसेच ठेवले. सगळ्यांच्या फोनच्या जागी एकच फोन टाकला. आणि पत्ते एकेक ओळ सरकवले.

"सरकवले म्हणजे?"

"दुसरीचा पत्ता पहिलीला, तिसरीचा दुसरीला. शेवटपर्यंत तसंच. खोटे पत्ते बनवत बसायला वेळ नव्हता. मला वाटलं, नाव एकीचं आणि पत्ता दुसरीचा असला की त्याचा कुणाला काय उपयोग?"

"निळं दार शोध. त्या नकलेत."

तिनं टाइप केलं. एकच ओळ आली. पारामागे, निळ्या दाराचं घर, वाटूर. त्या पत्त्यावरचं नाव छकुलीचं नव्हतं. तिथं आकांक्षा होतं.

४

"ही आकांक्षा खरोखर कुठं राहते?" मी विचारलं.

प्रियदर्शनीनं खरी वेबसाइट उघडली. परतूर, मोंढ्यामागची गल्ली, मावशी कांताबाईंचं घर. माझ्या ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर. मी जरा श्वास सोडणार, तेवढ्यात ती पुटपुटली, "अरे देवा."

आकांक्षाचा पत्ता आजच सकाळी उघडला गेला होता. तिथं हरिओमचं नाव होतं.

सगळे हरिओमकडे वळले. तो भिंतीला चिकटला. "मी नाही! आईची शपथ, मी नाही! मी चहा आणायला गेल्तो, मशीन उघडीच व्हती..." राधेश्यामनं पुढं होऊन त्याच्या कानफटात अशी मारली की त्याचा चष्मा टेबलाखाली गेला. "ह्याच्यासाठी कामावर ठेवलं का तुला, हरामखोर?"

मला तेव्हा त्यांच्या भांडणाला वेळ नव्हता. मी रामकिसनला फोन लावला. तो ठाण्यातच होता. मी पत्ता सांगितला आणि म्हटलं, "पळ. फोन बंद करू नकोस."

मग मी जालन्यात, हातात फोन धरून, परतूरच्या गल्लीतलं सगळं ऐकत उभी राहिले. रामकिसनचे बूट. त्याची धाप. मग लाकूड फुटल्याचा आवाज आणि एका बाईची किंकाळी. रामकिसन कुणाला तरी "ए!" म्हणाला. फोन खाली पडला. त्यानंतर आरडाओरडा, भांडी कोसळल्याचा आवाज, आणि एक जड, ओला आवाज, जो मला अजूनही स्वयंपाकघरात ऐकू येतो. मी जीपमध्ये बसले तेव्हा फोन कानालाच होता आणि पलीकडे कुणीच बोलत नव्हतं.

तिथं काय घडलं ते नंतर कळलं. मारेकऱ्यानं दार फोडलं तेव्हा आकांक्षा आतल्या खोलीत होती. रामकिसन मध्ये पडला आणि कुऱ्हाडीचा घाव त्याच्या खांद्यात रुतला. हाडात अडकलेली कुऱ्हाड निघेना, म्हणून त्या माणसानं रामकिसनच्या छातीवर पाय देऊन ती ओढली. तेवढ्यात कांताबाईनं पाट्यावरचा वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या हेल्मेटवर घातला. तो गुडघ्यावर आला. तिनं पुन्हा घातला, हेल्मेट फुटलं. ओरडा ऐकून मोंढ्यातले हमाल धावत आले आणि पोती उचलायचे आकडे घेऊन त्याच्यावर पडले. मी पोचले तेव्हा त्याचा एक डोळा गेला होता, पण तो जिवंत होता. रामकिसनही जिवंत होता आणि मला पाहून म्हणाला, "मॅडम, घरी बायकोला पडलो म्हनून सांगा."

आकांक्षा कोपऱ्यात उभी होती. तिनं बाही वर केली. दंडापासून मनगटापर्यंत तापल्या सळईचे डाग.

"हा संपत. माझा नवरा होता," ती म्हणाली. "घटस्फोट झाला. ह्या डागांची फौजदारी केस अजून चालू आहे, येत्या तारखेला माझी साक्ष आहे. मी कुठं राहते हे कुणालाच माहीत नव्हतं. मावशीनं मला न विचारता माझं नाव त्या वेबसाइटवर टाकलं."

कांताबाई खाली मान घालून वरवंटा धुवत होती. "पुन्हा घर वसावं तिचं, म्हनून टाकलं हो," ती म्हणाली.

संपतच्या बुटांवर वाटूरचं रक्त होतं, कुऱ्हाडीला तर होतंच. पण पत्ता कुणी दिला म्हणताच तो तोंडातलं रक्त माझ्या बुटावर थुंकला आणि गप्प बसला. इतका गप्प, की आपल्यामागं कुणाला तरी वाचवायचंय हे त्याच्या गप्प बसण्यातूनच दिसत होतं.

५

मी तशीच जालन्याला परतले. माझ्या साडीवर, म्हणजे मी त्या दिवशी साध्या वेशात होते, रामकिसनचं रक्त वाळलं होतं. ती चौघं एका रांगेत बसली होती. हरिओमच्या हाताला बेडी होती, कारण मी जाताना सोबतच्या शिपायाला तसं सांगून गेले होते. मला बाकीच्यांना निर्धास्त ठेवायचं होतं.

"संपतला दोनदा पत्ता मिळाला," मी म्हटलं. "पहिला चुकीचा, दुसरा बरोबर. पहिला त्या नकलेतून गेला. ज्यानं दिला त्याला वाटत होतं, नकलेतले पत्ते खरे आहेत. तेव्हा मला एवढंच बघायचंय की पत्ते सरकवलेत हे इथं कुणाला माहीत नव्हतं."

मी प्रियदर्शनीसमोर उभी राहिले. "तू स्वतः ते सरकवलेस. तू नकलेतून पत्ता देणार नाहीस." मग बेबीनंदाकडे वळले. "नकलेत सगळ्यांच्या जागी कुणाचा फोन टाकलाय?"

"माझा, मॅडम! महिना झाला, दिवसभर संदेश येत्यात. तुमच्यासाठी स्थळ आलंय, तुमच्यासाठी स्थळ आलंय. नवरा घरात भांडून राह्यला. मी प्रियदर्शनीला इचारलं तवा तिनं सगळं समजावून सांगितलं, पत्त्यांचं बी."

"म्हणजे तुलाही माहीत होतं. हरिओम, पत्ते सरकवायचा प्रोग्राम कुणी लिहिला?"

"आम्ही दोघांनी. ताई सांगत होत्या, मी लिहीत होतो."

"शिवाय तू वाटूरचा. निळं दार वाचताच हे साखराबाईचं घर आहे आणि दार आता हिरवं आहे, हे तुला कळलं असतं." मी त्याच्या हातातली बेडी काढली. "मग राहिलं कोण?"

राधेश्याम हसला. "मॅडम, मी मालक आहे. मला पत्ता हवा असता तर खऱ्या वेबसाइटवरूनच नसता का घेतला?"

"नाही. कारण तिथं तुमचं नाव नोंदलं गेलं असतं. ती सोय तुम्हीच करून घेतलीय, तुम्हीच मला अभिमानानं सांगितलंत. नकलेत अशी नोंद होत नाही. आणि नक्कल तुमच्या लॅपटॉपवर आहे, गिऱ्हाइकांना दाखवायला. बरोबर ना, प्रियदर्शनी?"

"हो." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "पत्ते झाकायला हवेत म्हणून मी सरांना दोनदा सांगितलं होतं. फालतू काम आहे, त्यावर खर्च करू नको, म्हणाले. मग आम्ही सरांना न सांगताच केलं. लॅपटॉपवरची प्रतही बदलली."

"म्हणून या खोलीत फक्त तुम्हालाच माहीत नव्हतं," मी राधेश्यामला म्हटलं. "माग राहू नये म्हणून तुम्ही नकलेत बघितलंत आणि संपतला वाटूरला धाडलंत. भलतीच बाई मेली. आज सकाळी घाबरून खरा पत्ता काढलात. हरिओम चहाला गेला होता आणि त्याचं मशीन उघडं होतं. मघाशी त्याच्या कानफटात मारलीत ती फार जोरात बसली. निर्दोष माणसाला एवढी घाई नसते."

"मला कारणच काय?" तो ओरडला. "मी तर त्या बाईला ओळखत पण नाही!"

"तिची मावशीही तुम्हाला ओळखत नव्हती, म्हणून तर तिचं नाव इथं आलं. संपतनं दुसरं लग्न केलं. आमचा माणूस आत्ताच त्याच्या घरी जाऊन आला. नव्या बायकोचं माहेर नवीन जालना आणि भावाचं नाव राधेश्याम."

त्याच्या तोंडावरचा सगळा रंग उतरला. तो खुर्चीत खचला आणि मग एकदम उसळून माझ्या अंगावर आला. मी छडी त्याच्या नडगीवर घातली. तो पडला तरी बोलतच होता.

"माझी बहीण पोटुशी हाय! त्या बाईनं कोर्टात तोंड उघडलं असतं तर संपत आत गेला असता. माझ्या बहिणीनं कुठं जायचं? सांगा ना, कुठं जायचं तिनं?"

"सळईचे डाग तुम्ही पाहिलेत का?"

"ते आधीचं व्हतं! माझ्या बहिणीला तो हात बी लावत न्हाई!"

बेबीनंदा एवढंच म्हणाली, "अजून तरी." आणि तोंडाला पदर लावला.

त्याला खाली नेलं तेव्हा प्रियदर्शनी माझ्याजवळ आली. "मॅडम, मी पत्ते तसेच ठेवले असते तर छकुली वाचली असती."

"आणि आकांक्षा मेली असती."

"पण मी खोटेच पत्ते टाकले असते तर दोघी वाचल्या असत्या."

खोटा दिलासा मला देता येत नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि जिना उतरले.

६

साखराबाईला मी स्वतः दवाखान्यात घेऊन गेले. खरं काय ते सांगा म्हणाली होती, ते मी जीपमध्ये सगळं सांगितलं. ती मध्येच रडली, मध्येच देवाचं नाव घेतलं, आणि दवाखान्याच्या पायरीशी पोचताच धावत आत गेली.

परमेश्वर खाटेवर बसला होता. प्लास्टरचा हात गळ्यात बांधलेला, चेहरा सुजून काळानिळा.

"चल बाळा घरी," ती म्हणाली. "तू न्हाई मारलं. मॅडमनं शोधून काढलं. चुकलं माझं. लई चुकलं."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "हे तुला मॅडमनं सांगावं लागलं व्हय?"

"तू तसा बोलल्ता, म्हनून रे. रक्त सांडंल म्हन्ला व्हता."

"त्या सांजंला मी भांडायला न्हाई आल्तो, आई." तो अगदी हळू बोलत होता. "वहिनीसंगं मीच लगीन करतो, पाट लावून घेतो, असं तुला सांगायला आल्तो. आपल्यात चालतंय की. तर तू दारात उभी राहून गूळ वाटून राह्यल्ती. माझं डोकंच फिरलं."

साखराबाई खाटेचा गज धरून उभी होती. "अन् तिला? तिला ठाव व्हतं?"

"तिनंच पाठवलं व्हतं मला. म्हन्ली, आत्याबाईला तुमी इचारा, मला लाज वाटती."

साखराबाईनं काडकन स्वतःच्या तोंडात मारून घेतली. मग दुसऱ्या गालावर, आणखी जोरात. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा परमेश्वरनं आपल्या धड हातानं तो वरच्या वर धरला. तिनं सोडवायचा प्रयत्न केला, पण त्यानं सोडला नाही.